उलटणे ते ढासळणे : क्रियापदांच्या अर्थकोशाच्या प्रकल्प नोंदी

४ जून २०२५

पडझडीच्या क्रियापदांचा गट हातात घेतला. कच्ची यादी अशी: कलणे, झुकणे, कलंडणे, लवंडणे, उलटणे, पलटी होणे, उलथणे, उपडे होणे, पालथे होणे, आडवे होणे, लोळणे, उन्मळणे, घरंगळणे, घसरणे, गडगडणे, खचणे, ढासळणे, कोसळणे, भुईसपाट होणे, जमीनदोस्त होणे.

साधे 'पडणे' मुद्दाम बाहेर ठेवले आहे. पाऊस पडतो, प्रश्न पडतो, पेच पडतो, माणूस आजारी पडतो. त्याचा पसारा एवढा आहे की तो या गटात घेतला तर बाकीचे सगळे त्याच्याखाली झाकले जातील. इथे ते फक्त जोडीला येईल: उन्मळून पडणे, मोडून पडणे, ढासळून पडणे.

हा गट निवडण्याचे कारण म्हणजे नेहमीच्या हातकोशांत दिसणारी फिरती व्याख्या. कलंडणे म्हणजे लवंडणे, लवंडणे म्हणजे उलटणे, उलटणे म्हणजे पालथे होणे. वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मराठी बोलणारा माणूस मात्र यांत कधीच गल्लत करत नाही. 'बुरूज कलंडला' आणि 'तांब्या ढासळला' कुणी म्हणत नाही. काय पडले यावरून क्रियापद ठरते, आणि ते का ठरते हे नोंदीत उघड दिसले पाहिजे.

प्रत्येक क्रियापदाला हे रकाने: कर्ता काय, आधी ते कसे उभे होते, आधार कुठून सुटला, घडून गेल्यावर आकार राहिला का, वेग किती, पूर्ववत करायचे तर कोणते क्रियापद लागते, आणि आलंकारिक वापर. उदाहरणे तीन ठिकाणची हवीत: बातमी, सरकारी कागद आणि घरातले बोलणे. एकाच ठिकाणची घेतली की चित्र एकांगी होते. बातमीत 'लवंडणे' जवळजवळ सापडत नाही आणि घरात 'भुईसपाट' कुणी म्हणत नाही.

९ जून

मजकूरसंग्रहात शोध. नुसता धातू टाकून भागत नाही. कुठे काय अडते ते लिहून ठेवत आहोत, पुढच्या गटांना उपयोगी पडेल.

'उलट' टाकले की 'उलट', 'उलटसुलट', 'उलटी', 'उलटतपासणी' असा भलताच गाळ वर येतो. तो चाळल्यावरही खरी क्रियापदे राहतात ती वेगळ्या अर्थांची: मुदत उलटली, महिना उलटला, कुत्रा अंगावर उलटला, डाव उलटला. म्हणून कर्त्याची यादी आधी बांधायची (गाडी, ट्रक, टँकर, ट्रॉली, रिक्षा, बस, होडी, बोट, नाव, तराफा) आणि ती क्रियापदापासून पाच शब्दांच्या आत आहे का ते पाहायचे.

'उलथ' मध्ये स्वयंपाकघरातले उलथणे येते. 'खच' मध्ये फुलांचा खच, खचाखच, खचित. 'खच्चीकरण' हेही याच शोधात येते, पण त्याचा खचण्याशी संबंध नाही. ते 'खच्ची' वरून आले आहे. मात्र मनोधैर्याच्या संदर्भात दोन्ही शेजारी वापरली जात असल्याने हाताने वेगळी करावी लागतात.

'कोसळणाऱ्या' हे रूप अर्धेच सापडते. कारण ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो: एकात युनिकोडचे ०९३१ हे अक्षर, हलन्त आणि य, दुसऱ्यात साधा र (०९३०), हलन्त, न दिसणारा जोडक (२००डी) आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र वेगळे. शोधाआधी सगळा मजकूर पहिल्या प्रकारात बदलून घ्यायचा. 'ढासळणाऱ्या', 'खचणाऱ्या', 'उलटणाऱ्या' सगळ्यांना हेच लागू.

जुन्या मजकुरात 'कोसळणें', 'उलटणें' असे अनुस्वार असतात. १९६२ च्या लेखननियमांनंतर ते गेले. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ पासून) पाहताना हे ध्यानात ठेवायचे. तुलनेपुरते न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले तरी चालेल, पण 'कलंडणे', 'लवंडणे' यांतले नाही. ते उच्चारात आहेत.

१७ जून

परवा, १५ तारखेला, तळेगाव दाभाडेजवळ कुंडमळा इथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. अशा बातमीत तीन क्रियापदे एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, म्हणून पुलाची नोंद आधी घेतली.

'पूल तुटला' म्हणजे मधला जोड गेला. दोन्ही टोके जागेवर असू शकतात. 'पूल कोसळला' म्हणजे वजन पेलणारा भाग खाली आला, मग कारण भार असो, गंज असो की खांब. 'पूल वाहून गेला' म्हणजे पाण्याने नेला. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि एसटीच्या दोन गाड्या पाण्यात गेल्या. तिथे 'वाहून गेला' हेच नेमके. कुंडमळ्याला ते लावता येणार नाही, कारण पूल नेला तो प्रवाहाने नव्हे.

कोशासाठी नियम: कारण कळलेले नसेल तेव्हा 'कोसळला'. ते कारणाबद्दल काहीच ठरवून टाकत नाही.

२४ जून

पहिली विभागणी: घडून गेल्यावर आकार शाबूत राहतो का?

राहतो: कलणे, कलंडणे, लवंडणे, उलटणे, पालथे होणे, उपडे होणे, उन्मळणे, आडवे होणे. वस्तू तीच आणि तेवढीच. बदलली ती बसण्याची तऱ्हा.
राहत नाही: ढासळणे, कोसळणे, जमीनदोस्त होणे.
खचणे या दोन्हींच्या मधे.

पडताळ्यासाठी तीन चौकटी ठरवल्या.

पहिली, 'पण' ची. 'बोट कलली, पण कलंडली नाही' हे सरळ वाक्य आहे. 'बोट कलंडली, पण कलली नाही' हे निरर्थक. म्हणजे कलणे ही आधीची पायरी. 'ट्रक कलंडला, पण उलटला नाही' यावर मते विभागली जातात. कारण 'उलटला' हा शब्द एका कुशीवर पडलेल्या ट्रकलाही चालतो आणि चाके वर झालेल्यालाही. 'कलंडला' मात्र चाके वर झालेल्याला कधीच चालत नाही. थोडक्यात कलंडणे अरुंद आणि उलटणे रुंद.

दुसरी, वेगाची. हळूहळू खचले, हळूहळू ढासळले, हळूहळू कलले: चालते. हळूहळू कोसळले, हळूहळू उलटले: कानाला खटकते. 'क्षणात' लावले की नेमके उलट.

तिसरी, पूर्ववत करण्याची. उलटलेली गाडी सरळ करतात किंवा क्रेनने उभी करतात. कललेला खांब सरळ करतात. खचलेला रस्ता भरून काढतात. ढासळलेली भिंत पुन्हा रचतात. कोसळलेली इमारत सरळ करता येत नाही, नव्याने बांधावी लागते. ही चौकट सगळ्यांत भरवशाची आहे, कारण कुणालाही विचारले तरी उत्तर एकच येते.

'पलटी' बद्दल. 'पलटी झाला', 'पलटी खाल्ली', 'पलटी मारली' ही ट्रकवाल्यांची भाषा आता बातम्यांतही रुळली आहे. तिला हलकी म्हणून वगळायचे नाही. तिच्यात एक सोय आहे जी उलटण्यात नाही: ती मोजता येते. 'गाडीने तीन पलट्या खाल्ल्या' म्हणता येते. अपघाताच्या जबाबात ही मोजणी कामाची असते.

या गटासाठी निवडलेले नमुना-वाक्य: 'साईडपट्टी खचली, ट्रॉली कलंडली आणि ऊस रस्त्यावर पसरला.' गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या रस्त्यांवर हे नेहमीचे. ट्रॉलीत ऊस फळ्यांच्या बराच वर रचलेला असतो, त्यामुळे वजनाचा मध्य उंच जातो. समोरून वाहन आले की ट्रॅक्टर डावीकडे दबतो, ट्रॉलीचे चाक डांबर सोडून मातीवर येते, माती दबते आणि ट्रॉली त्या बाजूला जाते. ट्रॅक्टर मात्र बहुधा उभाच राहतो. तीन क्रियापदे, तीन कर्ते. एकाचेही दुसऱ्याशी बदलून चालत नाही.

२ जुलै

घरातले शब्द. लवंडणे, सांडणे, उपडे, पालथे.

'तांब्या लवंडला' म्हणजे तांब्या आडवा झाला आणि आतले पाणी तोंडातून वाहिले. 'पाणी सांडले' याला तांब्या आडवा व्हायलाच हवा असे नाही; हिंदकळूनही सांडते. दोन्हींचा कर्ता वेगळा: लवंडते ते भांडे, सांडते ते आतले. 'दूध लवंडलं' असेही म्हणतात, तेव्हा दूध म्हणजे दुधाचे भांडे. तापवताना वर आलेले दूध लवंडत नाही, ते उतू जाते. लवंडण्यासाठी कर्त्याला तळ हवा, तोंड हवे आणि आत काहीतरी हवे. रिकामा पेला 'पडतो', 'कलंडतो'.

कलंडणे आणि लवंडणे दोन्ही माणसालाही लागतात. जेवण झाल्यावर 'जरा लवंडतो', 'जरा कलंडतो' म्हणजे अंथरूण न घालता थोडे आडवे होणे. 'उलटतो' असे या अर्थी कधीच नाही. आकारही शाबूत आणि पुन्हा उठायचेही आहे; म्हणून बरोबर त्याच गटात बसते.

उपडे आणि पालथे ही विशेषणे आहेत, होणे-करणे-ठेवणे-पडणे लावून चालतात. पालथा हा संस्कृत 'पर्यस्त' पासून, प्राकृत 'पल्लत्थ' मार्गे आला. घासलेली भांडी उपडी घालतात, म्हणजे पाणी निथळते. वाटीत भात दाबून पानात वाटी उपडी केली की मूद पडते. 'पालथ्या घड्यावर पाणी' मध्ये घडा पालथा आहे म्हणून पाणी आत जात नाही. यांत अपघात नाही. बहुतेक वेळा कुणीतरी मुद्दाम केलेले असते. म्हणून 'अपघात' असा शिक्का या दोघांना लावू नये.

बाळ पालथे पडले, उपडे पडले: ही आनंदाची गोष्ट. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात घराघरांत हे वाक्य होते. यंत्राने हे वाक्य 'दुर्घटना' गटात टाकले होते. 'बाळ' कर्ता असलेली सगळी वाक्ये हाताने बाहेर काढली आणि त्यासाठी स्वतंत्र अर्थ दिला.

१० जुलै

घाटरस्ते. या गटात जिवाशी थेट संबंध असलेली जोडी हीच: 'दरड कोसळली' आणि 'रस्ता खचला'.

दरड म्हणजे मुळात डोंगराचा उभा कडा. घाटात रस्ता डोंगर कापून काढलेला असतो: एका बाजूला कापलेला कडा, दुसऱ्या बाजूला दरीकडचा भराव. पावसात वरचा सैल मुरूम आणि दगड पाणी पिऊन जड होतात आणि कड्यावरून खाली येतात: दरड कोसळली. रस्ता ढिगाऱ्याखाली आहे, पण आहे. जेसीबी, पोकलेन लावून ढिगारा बाजूला केला की एक मार्गिका काही तासांत सुरू होऊ शकते.

'रस्ता खचला' हे दरीकडच्या बाजूला घडते. मोरी तुंबते, पाणी रस्त्याखालच्या भरावात शिरते, संरक्षक भिंत पुढे ढकलली जाते आणि डांबराखालची माती निघून जाते. वरून आधी फक्त रस्त्याच्या लांबीला समांतर गेलेली एक भेग दिसते. इथे हटवायला काही नाही; उचलून ठेवायला रस्ताच उरलेला नाही. भिंत नव्याने बांधून भराव घालावा लागतो आणि घाट कित्येक आठवडे किंवा महिने बंद राहतो.

वरंध, आंबेनळी, करूळ अशा घाटांच्या पावसाळी सूचनांत ही दोन्ही वाक्ये येतात. 'दरड कोसळून रस्ता खचला' असे जोडवाक्यही येते. तेही खरे असू शकते, कारण वरून आलेल्या दगडांच्या माराने कडेचा भराव जातो. पण तसे घडलेले नसताना हे वाक्य लिहिले तर वाचणारा दोन तास थांबायचे की गाडी वळवायची हे ठरवू शकत नाही. नोंदीत ही टीप ठळक टाकायची.

'दरड' चा अर्थही सरकला आहे. 'दरडग्रस्त', 'दरडप्रवण' यांत दरड म्हणजे कडा नव्हे, घटना. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही ठिकाणी गावावर आला तो वरच्या उताराचा माती-दगड-पाण्याचा लोंढा. 'भूस्खलन' हा शास्त्रीय शब्द त्याला नेमका, पण लोक 'दरड' म्हणतात. दोन्ही अर्थ क्रमांक देऊन नोंदवले.

१८ जुलै

पाण्यावरचे शब्द. काल १७ जुलै. १९४७ साली याच दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे मेली. कोकणात आजही एकच वाक्य आहे: 'रामदास बोट बुडाली.' मधल्या पायऱ्या या वाक्यात नाहीत. लाटेने बोट एका बाजूला झाली, माणसे एका बाजूला गेली, बोट त्या बाजूला कलंडली, आणि मग बुडाली.

हे नेहमी होते. 'बुडणे' हा शेवट आधीच्या सगळ्या क्रियापदांना गिळून टाकतो. कोशात मात्र पायऱ्या वेगळ्या हव्यात, कारण प्रत्येक पायरीला करायचे काम वेगळे आहे.

कलणे: बोट एका अंगाला झुकते, पण पाण्याचा वर लोटणारा जोर तिला परत सरळ करतो. इथवर ती स्वतः सावरते.
कलंडणे: झुकाव इतका झाला की तो जोर आता सरळ करण्याऐवजी आणखी पाडतो. डेकवरची माणसे किंवा माल झुकलेल्या बाजूला सरकला की ही मर्यादा लवकर येते. म्हणून गर्दीच्या बोटीत 'एका बाजूला जाऊ नका' हीच पहिली हाक असते.
उलटणे: तळ वर आला. लाकडी होडी उलटूनही तरंगत राहते. लोकांनी तिलाच धरून राहायचे असते, पोहत किनारा गाठायचा नसतो.
बुडणे: पाण्याखाली गेली. न उलटताही बुडता येते. तळाला भोक पडले की बोट सरळ उभीच खाली जाते.

म्हणून 'बोट उलटली' आणि 'बोट बुडाली' यांना समानार्थी म्हणून एकमेकांचा दाखला देणे बंद. तौक्ते वादळात १७ मे २०२१ रोजी मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. तिथे 'बुडाला' हेच वापरायचे.

किनाऱ्यावरचा 'उलांडी' हा शब्दही याच जागी नोंदवला. अरुंद होडीच्या एका अंगाला आडव्या दांड्यांनी बांधलेला, पाण्यावर टेकणारा लाकडाचा ओंडका म्हणजे उलांडी. होडी त्या बाजूला झुकली की ओंडका पाण्यात दबतो आणि पाणी त्याला वर लोटते. दुसऱ्या बाजूला झुकली की त्याचे वजन होडीला मागे ओढते. कलणे कलंडण्यापर्यंत जाऊ न देणे एवढेच त्याचे काम.

२९ जुलै

'कोसळणे' आपल्या विभागणीत बसत नाही. पुरावे पुढे ठेवून ते मिटवायचे आहे.

इमारत कोसळली: आकार गेला. ठीक. पण पाऊस कोसळतो, धबधबा कोसळतो, वीज कोसळते, विमान कोसळते. बस दरीत कोसळली. ती दरीत जशीच्या तशी सापडली तरी क्रियापद तेच. चक्कर येऊन माणूस कोसळला. त्याचा आकार गेलेला नसतो. दुःखाचा डोंगर कोसळला, आभाळ कोसळले.

शिवाय एक अट दिसते. 'इमारत कोसळली' हे वाक्य पूर्ण आहे. 'बस कोसळली' अपुरे वाटते, 'कुठे?' असा प्रश्न येतो. दरीत, नदीत, विहिरीत, पुलावरून असे ठिकाण लागतेच. विमानाला ते लागत नाही, कारण विमान आधीच उंचावर आहे.

म्हणजे कोसळण्यात आकाराचा प्रश्न नाहीच. उंची, वजन आणि न थांबणारे खाली येणे या तीन गोष्टी आहेत. इमारतीला उंची स्वतःची आहे, विमानाला आणि पावसाला आकाशाची, बसला कड्याची, माणसाला उभे असण्याची. आकार मोडणे हा इमारतीच्या बाबतीतला परिणाम आहे, शब्दाचा अर्थ नाही.

त्यामुळे आकाराची कसोटी दुय्यम केली. मुख्य कसोटी आता 'आधार कुठून सुटला' ही:

बाजूचा तोल सुटला: कलणे, कलंडणे, लवंडणे, उलटणे.
खालचा आधार सुटला: खचणे.
अंगातला आधार सुटला, म्हणजे घटकाला घटक धरून राहिला नाही: ढासळणे.
मुळाची पकड सुटली: उन्मळणे.
सगळाच आधार सुटला: कोसळणे.

या रचनेत 'कोसळणे' सर्वांत व्यापक ठरते, आणि वापरातही तेच दिसते. भिंत खचून कोसळते, ढासळून कोसळते, कलून कोसळते. 'कोसळून खचली' असे कुणी म्हणत नाही. ही 'ऊन' ची चौकट चौथी म्हणून जोडली.

८ ऑगस्ट

घरे. इथे ढासळणे आणि कोसळणे यांतला फरक डोळ्यांनी दिसतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिव भागातल्या घरांच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या, दोन-तीन फूट जाड. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती आणि दगडांचे तुकडे. दोन्ही थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद. हादऱ्याने थर एकमेकांपासून सुटले, दगड निखळले: भिंत ढासळली. मग वरचे माळवद एकदम खाली आले: माळवद कोसळले. जिथे माळवदाचे वजन लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होते, अशा काही घरांत भिंती ढासळूनही माळवद उभे राहिले. एकाच घरात एक क्रियापद लागू होते आणि दुसरे होत नाही, याहून चांगले उदाहरण नाही. नोंदीत हेच घेतले.

ढासळण्याला घटक हवेत: दगड, विटा, मातीचे थर. म्हणून बुरूज, तट, कठडा, काठ, वाड्याची भिंत ढासळते. सिमेंट-काँक्रीटचा एकसंध स्लॅब ढासळत नाही. तो कोसळतो किंवा त्याचे पोपडे पडतात. गडकोटांच्या पावसाळी बातम्यांत 'बुरूज ढासळला' हेच येते, आणि ते नेमके आहे, कारण बहुधा बाहेरचा दगडी मुखवटा निखळतो आणि आतली भरणी जागेवर राहते.

'पडझड' हे नाम घ्यायचे. या गटात क्रियापदांची रेलचेल आहे, पण नामे फार थोडी: घसरण, पडझड, पलटी. पंचनाम्यात 'अंशतः पडझड' आणि 'पूर्णतः पडझड' अशी विभागणी असते आणि मदतीची रक्कम त्यावर ठरते. तिथे 'घर कोसळले' एवढेच लिहिले तर अंशतः की पूर्णतः हे कळत नाही. कोणती भिंत, किती लांबी, छप्पर आहे की गेले, हे वेगळे लिहावे.

'जमीनदोस्त' आणि 'भुईसपाट' दोन्ही शेवटची अवस्था सांगतात, घडण्याची रीत नाही. फरक एवढाच की जमीनदोस्त बहुधा बांधकामाला, भुईसपाट बांधकामाला आणि पिकालाही. पालिकेच्या कारवाईत 'जमीनदोस्त केले' हे सर्रास, 'कोसळवले' नाही.

१९ ऑगस्ट

झाडे आणि पिके, थोडक्यात.

उन्मळून पडले: मुळासकट. मोडून पडले: बुंधा मधेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळ-सुपारीच्या बागांबद्दल लिहिताना ही दोन्ही लागतात आणि बागायतदार ती अचूक वापरतात, कारण मोडलेल्या पोफळीचे काही करता येत नाही, उन्मळलेले तरणे रोप कधी कधी पुन्हा लावता येते. शहरात बुंध्याभोवती काँक्रीट केलेले झाड उन्मळते. मुळांना पसरायला जागाच नसते.

पिकाला वेगळे शब्द. गहू लोळतो, ज्वारी लोळते, भात आडवे होते, ऊस लोळतो. खोड मोडलेले नसते, वाकलेले असते. दाणा भरण्याआधी लोळले तर नुकसान जास्त, पिकून लोळले तर कापणीची कटकट आणि ओंब्या जमिनीला टेकून कोंब फुटण्याची भीती. 'पीक कोसळले' हे चूक धरायचे. केळीच्या बागेला 'आडवी झाली' किंवा 'भुईसपाट झाली'.

२ सप्टेंबर

आलंकारिक वापर. मूळ कसोटी इथे टिकते का ते पाहायचे होते. बऱ्याच अंशी टिकते.

मन खचते, धीर खचतो, माणूस खचतो: खालचा आधार गेला, पण माणूस उभा आहे. प्रकृती ढासळते, तोल ढासळतो, कायदा-सुव्यवस्था ढासळते: एकेक घटक सुटत जातो, म्हणून 'दिवसेंदिवस' सहज लागते. 'दिवसेंदिवस कोसळते' नाही.

सरकार पडते, पाडले जाते, कोसळते, गडगडते, उलथून टाकले जाते. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावावर एका मताने पडले. 'पडले' आणि 'कोसळले' यांत कर्ता दिसत नाही. 'पाडले' म्हटले की कुणी, हा प्रश्न उभा राहतो. 'उलथून टाकले' ला निवडणुकीबाहेरचा उठाव किंवा क्रांती लागते. बातमी लिहिणाऱ्याने या निवडीत बाजू घेतलेली असते, आणि वाचकाला ती कळते. म्हणून कोशात ही सगळी वेगळ्या ओळींत.

भाव: घसरले, गडगडले, कोसळले, या चढत्या तीव्रतेने. कांदा गडगडतो, सोने घसरते, शेअर बाजार कोसळतो अशा जोड्या पक्क्या आहेत. टक्केवारीची मर्यादा ठरवून देण्याचा मोह टाळला. ती कुणी पाळत नाही.

क्रिकेट: डाव गडगडला, कोसळला. १९ डिसेंबर २०२० ला ॲडलेडला भारताचा दुसरा डाव ९ बाद ३६ वर संपला. अशा डावाला 'ढासळला' पुरत नाही. मधली फळी ढासळते, डाव कोसळतो.

१५ सप्टेंबर

सकर्मक रूपे. उलटणे दोन्हीकडे चालते: गाडी उलटली, त्याने पान उलटले. उलथणे तसेच. कलंडणे, ढासळणे, कोसळणे, उन्मळणे अकर्मक. 'कलंडवणे' क्वचित, 'कोसळवणे' कृत्रिम. त्याजागी पाडणे, तोडणे, जमीनदोस्त करणे. 'खचवणे' फक्त मनाला. रस्ता कुणी खचवत नाही. प्रत्येक नोंदीत 'कुणी केले तर' असा एक ओळीचा रकाना वाढवला.

६ ऑक्टोबर

मराठवाड्यातल्या सप्टेंबरच्या पुरानंतर विहिरींची नोंद पुन्हा तपासली. सरकारी कागदात 'खचलेल्या आणि बुजलेल्या विहिरी' असा जोडशब्द आहे, गावात 'विहीर ढासळली' म्हणतात. दोन्ही बरोबर, पण वेगळ्या गोष्टी.

न बांधलेल्या विहिरीचा काठ मुरमाचा असतो. पाणी मुरले की काठापासून हात-दोन हात मागे गोलाकार भेग जाते आणि मातीची ढेप आत सुटते. ही विहीर ढासळली. बांधलेल्या विहिरीत कड्यांखालची किंवा बांधकामाखालची माती निघून जाते आणि बांधकाम तसेच खाली बसते, तिरके होते. ही विहीर खचली. आणि पुराच्या पाण्यासोबत आलेल्या गाळाने, दगडांनी भरून गेली ती बुजली. तिघींची दुरुस्ती वेगळी: ढासळलेलीचा काठ मागे घेऊन बांधावा लागतो, खचलेलीचे बांधकाम काढून नव्याने करावे लागते, बुजलेलीचा गाळ उपसून भागते. अर्जात शेतकऱ्याने 'ढासळली' लिहिले तरी रकान्यात 'खचली' वरच खूण होते, हे नोंदीत सांगितले, आणि सोबतच्या फोटोत काठाची भेग, बांधकामाची सरकलेली बाजू किंवा गाळाची पातळी दिसेल असे पाहावे अशी टीप जोडली.

छपाईसाठी क्रम ठरला: अकारविल्हे न लावता आधार सुटण्याच्या पाच गटांप्रमाणे, शेवटी अकारविल्हे सूची. 'कोसळणे' ला पाचही गटांतून दाखला. पिकांचे लोळणे-आडवे होणे शेतीच्या भागात हलवले. इथे फक्त दाखला राहील. 'घरंगळणे' मात्र बाहेर काढले: उतारावर उभी केलेली गाडी हँडब्रेक सुटून खाली जाते तेव्हा ती घरंगळते, आणि तोवर ना तोल गेलेला असतो ना आधार. ते 'सरकणे, घसरणे, ओघळणे' यांच्या पुढच्या टप्प्यात घेऊ.